रंकाळ्यावर बसून रंगवायचं आहे: तेलरंग घेऊ की अ‍ॅक्रिलिकच ठेवू?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई कोल्हापुरातच बँकेत नोकरीला आहेत. दोन वर्षं घरी मोबाइलवरचे फोटो बघून अ‍ॅक्रिलिकमध्ये निसर्गचित्रं करतात आणि ती बरी होतात. गेल्या महिन्यात, ऐन ऑक्टोबरच्या उन्हात, तीन रविवार त्या रंकाळा तलावाच्या काठी जाऊन बसल्या. तिन्ही वेळा चित्राचा ‘हिरवा चिखल’ झाला (शब्द त्यांचाच), रंग पॅलेटवरच वाळून कडक झाला आणि मागे लोक उभे राहिल्यामुळे हात चालेना. म्हणून त्या विचारताहेत: तेलरंग घेऊ का? सामान काय लागेल? क्लास लावल्याशिवाय हे जमतं का?

ताई, तेलरंग घ्यायचे तर खुशाल घ्या, पण चिखल थांबेल या आशेने घेऊ नका. तेलात चिखल आणखी झकास होतो, कारण रंग वाळत नाही आणि तो कालवत बसायला तास-दोन तास मिळतात. मी तीस वर्षं रविवारी सकाळी बोर्ड घेऊन बाहेर पडतोय, शाळेत चित्रकला शिकवण्यात अख्खी नोकरी सरली, आणि माझ्या घराच्या माळ्यावर आजही तेलातल्या चिखलाचा चांगला साठा आहे.

तुमची अडचण माध्यमाच्या आधी सुरू होते. फोटोवरून काम करताना निम्मं काम कॅमेऱ्याने उरकलेलं असतं. चौकट त्याने घातलेली असते, ऊन एका क्षणी थांबवलेलं असतं, लखलखीत आभाळ आणि काळोखी सावली यांच्यातलं अंतर पडद्यावर मावेल एवढं आखडून दिलेलं असतं. रंकाळ्यावर ही सगळी कामं तुमच्या गळ्यात पडतात. मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फिरवली तरी दृश्य संपत नाही. वर सूर्य तासाला १५ अंशांनी सरकतोय. तुम्ही सात वाजता झाडाची सावली धरता, साडेआठला ती भलतीकडे गेलेली असते, मग तुम्ही नवी सावली जुन्या ओल्या सावलीवर चढवता, आभाळ बदललं म्हणून तेही बदलता, आणि नऊ वाजता बोर्डावर दोन तासांचं ऊन एकत्र कालवलेलं असतं. चिखल तिथे होतो. तेव्हा बाहेर बसून शिकायची पहिली गोष्ट म्हणजे दीड तासात काय काय सोडून द्यायचं. तेल किंवा अ‍ॅक्रिलिक हा त्यानंतरचा प्रश्न.

तरी तुम्ही तो विचारलाय, तर आधी तोच संपवतो. यात बरंचसं तुमच्या घरावर आणि गाडीवर अवलंबून आहे. फ्लॅट लहान असेल, घरात लहान मूल असेल किंवा कुणाला दमा असेल तर तेलरंग पातळ करायच्या टर्पेंटाईनचा वास रोज सोसणार नाही, अ‍ॅक्रिलिकच ठेवा. स्कूटरवरून ओला बोर्ड आणायचा कसा, हाही प्रश्न आहे. माझी सोय अशी: एकाच मापाचे दोन बोर्ड समोरासमोर ठेवायचे, चारही कोपऱ्यांत बुचाचे तुकडे घालायचे आणि बाहेरून क्लिपा लावायच्या. रंगाला रंग लागत नाही. एकदा क्लिप विसरलो होतो. रिक्षातून उतरेपर्यंत मागच्या सीटवर सूर्यास्त झाला होता.

तेलाचे खरे फायदे दोन: लावताना जो रंग दिसतो, वाळल्यावर जवळपास तोच राहतो, आणि दोन रंगांची कड ओल्यातच मऊ करता येते. लांबचा डोंगर आभाळात विरघळवायचा असेल तर हे सोन्यासारखं आहे. अ‍ॅक्रिलिक वाळताना एक छटा गडद होतं. आभाळ लावताना बरोबर वाटतं, पंधरा मिनिटांनी मळकट दिसतं. त्यासाठी फिकट भाग मुद्दाम थोडे जास्तच फिकट कालवावे लागतात. हा अंदाज आठ-दहा चित्रांनंतर हाताला येतो. उलट अ‍ॅक्रिलिकमध्ये चुकलं तर दहा मिनिटांत वर स्वच्छ थर देता येतो, आणि शिकणाऱ्याला ही सवलत फार मोठी आहे. तुमच्याकडे रंग आहेत, हात थोडा बसलाय. पुढचे तीन महिने तेच वापरा असं माझं मत. मी स्वतः तेलात काम करतो, तरीही हेच सांगेन.

रंग पॅलेटवर वाळतो त्याला उपाय साधा आहे. झाकणाचा पसरट प्लास्टिकचा डबा घ्या, तळाला ओलं करून पिळलेलं सुती फडकं, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. खालून ओल मिळत राहते. सोबत पाण्याची फवारणीची छोटी बाटली. ऊन तापलं की दर पाच मिनिटांनी एक फवारा मारायचा. पावसाळ्यात याच्या उलट त्रास होतो, दमट हवेत थर वाळता वाळत नाही, पण तेव्हा बघू. ब्रश मात्र पाण्याबाहेर वाळू देऊ नका. अ‍ॅक्रिलिक ब्रशच्या मुळाशी वाळलं की तो ब्रश भिंतीला चुना लावायच्याही कामाचा राहत नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही १८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास घेऊन गेला होता. एवढा कॅनव्हास दीड तासात नुसता झाकायलाही मला दमछाक होईल. ८ बाय १० इंचांच्या वर जाऊ नका. हार्डबोर्डचे तुकडे कापून घ्या, गुळगुळीत बाजूला हलका पॉलिश पेपर मारून प्रायमरचे दोन-तीन हात द्या, आणि घरूनच त्यावर बर्न्ट सिएना या विटकरी रंगाचा पातळ हात मारून ठेवा. पांढरा बोर्ड उन्हात डोळ्यांवर येतो आणि त्याच्यापुढे प्रत्येक रंग गडद वाटतो, म्हणून आपण सगळंच जरा जास्त फिकं लावत जातो. विटकरी जमिनीवर (म्हणजे बोर्डाच्या त्या पहिल्या हातावर) फिकट आणि गडद, दोन्ही बाजूंनी अंदाज येतो. शिवाय आपल्याकडची माती तशीच आहे. मध्ये कुठे जमीन उघडी राहिली तरी खुपत नाही.

बसलात की लगेच रंग उघडू नका. वहीत काड्यापेटीएवढी चौकट काढा आणि डोळे किलकिले करून बघा. पानं, विटा, माणसं पुसली जातात आणि तीन-चार मोठे ठिपके उरतात: आभाळ, पाणी, पलीकडचा काठ, अलीकडचं झाड. प्रत्येक ठिपक्याला पेन्सिलने एकच छटा द्या. फिकट, मधली, गडद, बस्स. असे दोन-तीन चौकोन दहा मिनिटांत होतात आणि त्यातला एक निवडायचा. त्या चौकोनात जे मावलं नाही ते चित्रात येणार नाही, हा करार स्वतःशी करायचा. मग सावल्या कितीही सरकू द्या, तुम्ही सात वाजताचा चौकोन बघून काम करायचं.

आता हिरवा चिखल. तुम्ही पाठवलेला फोटो बघितला. हिरवा वाईट नाहीये, सगळीकडे तोच हिरवा आहे. सॅप ग्रीनची ट्यूब उघडली आणि गवत, झाड, पलीकडचा काठ, सगळ्यांना वाटली. छटाही सगळ्यांची एकच. ती ट्यूब सहा महिने कपाटात ठेवा. काळाही ठेवा. पिशवीत एवढंच असू द्या: टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना, क्रिमसन (गडद लाल) आणि अल्ट्रामरीन (निळा). अल्ट्रामरीनमध्ये लेमन टाकलं की कोवळा हिरवा, ऑकर टाकलं की करडा, जुना हिरवा. फार हिरवा वाटला की त्यात चिमूटभर बर्न्ट सिएना किंवा क्रिमसन. मिळवलेल्या हिरव्यात शेजारच्या रंगांचं काहीतरी असतंच, म्हणून तो चित्रात परका वाटत नाही.

रंगाच्या आधी छटेचा क्रम लावा. उजेड वरून येतो. आभाळ स्वतःच उजेडाचं भांडं, ते सगळ्यांत फिकट. आभाळाकडे तोंड करून आडवी पसरलेली जमीन त्यानंतर. तिरका डोंगरउतार त्याहून गडद. आणि उभं झाड, ज्याच्या अंगावर वरचा उजेड कमीत कमी पडतो, ते सगळ्यांत गडद. पांढरी भिंत किंवा चकाकणारं पाणी हा क्रम मोडतं, ते कबूल, पण हिरव्यातला गोंधळ याने निम्मा सुटतो. गवत आणि झाड दोन्ही हिरवी असतील, पण गवताचा हिरवा झाडाच्या हिरव्याएवढा गडद झाला की जमीन भिंतीसारखी उभी राहते. तुमच्या फोटोत नेमकं हेच झालंय.

आणि आपल्याकडे ‘हिरवा’ म्हणजे एक रंग नव्हेच. जूनमधला ऊस पिवळट असतो, ऑक्टोबरात निळसर करडा होतो, नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा आला की वरून रुपेरी, किंचित जांभळट झाक येते. त्यातच गुऱ्हाळं सुरू झाली की धूर रंगवायचा मोह होतो. एक गंमत बघून ठेवा: तोच धूर मागे गडद झाडी असताना निळसर दिसतो आणि वर उजळ आभाळावर गेला की तपकिरी. नुसता पांढरा फासला तर कापूस वाटतो.

जोतिबाचा डोंगर लांबून निळा का दिसतो, हे शाळेत मुलं विचारायची. मधल्या हवेत उजेड विखुरतो, आणि निळा जास्त विखुरतो, म्हणून अंतर वाढेल तसा गडदपणा ओसरतो आणि निळेपणा चढतो. पावसानंतर हवा धुतलेली असली की तोच डोंगर जवळ आल्यासारखा, हिरवा दिसतो. म्हणून ‘लांबचं म्हणजे निळं’ असं पाठ करून ठेवू नका, त्या दिवशी काय दिसतंय ते बघा.

पाण्याबद्दल दोनच गोष्टी, कारण रंकाळ्यावर पाण्यापासून सुटका नाही. एक, प्रतिबिंबात गडद वस्तू जराशी फिकट आणि फिकट वस्तू जराशी गडद होते, म्हणजे दोन्ही टोकं मध्याकडे सरकतात. दोन, प्रतिबिंब म्हणजे वरच्या चित्राची उलटी नक्कल नाही. तुमच्या डोळ्यांपेक्षा खालून, पाण्याच्या पृष्ठभागातून बघितल्यासारखं ते असतं, म्हणून पुलाची किंवा फांदीची खालची बाजू, जी तुम्हाला थेट दिसत नाही, ती पाण्यात दिसते. एवढं सांभाळलं तर लाटांच्या रेघा मारायची गरजच उरत नाही.

घाटावर बसायचा विचार असेल तर काळ्या दगडाला काळा रंग लावू नका. पंचगंगेच्या पायऱ्या बघा: पायरीचा आडवा माथा आभाळ झेलतो, तो फिकट करडा, आणि उभा चेहरा गडद, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनच्या मिश्रणासारखा. उन्हात बर्न्ट सिएना थोडा जास्त, सावलीत अल्ट्रामरीन जास्त. दोन रंगांत अख्खा घाट बसतो.

जागेबद्दल माझा हट्ट आहे. प्रत्येक रविवारी नवी जागा शोधू नका. आज रंकाळा, पुढच्या वेळी पन्हाळा, मग नृसिंहवाडी, असं केलं की सहल होते, हात बसत नाही. रंकाळ्याचाच एक पन्नास पावलांचा काठ पकडा आणि तिथे वीस बोर्ड करा. आपल्या गावाला याची परंपरा आहे. आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, पण रंगवत राहिले ते कोटितीर्थ तलावासारखा आपल्या गावचाच परिसर, आयुष्यभर. त्यांना जागा संपली नाही, आपल्याला वीस रविवारांत कशी संपेल?

जागा तीच ठेवली की ऊन बदलताना दिसतं. कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको, अंबाबाईच्या किरणोत्सवात आपण तेच तर बघतो. मावळतीची किरणं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला देवळात मूर्तीपर्यंत येतात आणि पुन्हा जानेवारीच्या शेवटी येतात, कारण २१ डिसेंबरच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच दिवसांवर सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. मधल्या दिवसांत तो दक्षिणेला सरकून परत आलेला असतो. तुमच्या झाडाची सावलीही तशीच जाऊन येणार. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावातला दगडी संध्यामठ उघडा पडतो, आणि त्याच काठावर वेगळंच चित्र तयार होतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळी सात ते साडेआठ. पूर्वेच्या काठावर सकाळी बसलात तर ऊन पाठीमागून येतं आणि पलीकडचा शालिनी पॅलेस चपटा, सावलीशिवाय दिसतो. संध्याकाळी तिथूनच सूर्य समोर येतो, सगळं काळ्या आकारांत जमतं, चित्र सोपं होतं पण डोळे दिपतात. शिकताना ऊन एका बाजूने यावं असं बसा, म्हणजे प्रत्येक वस्तूला एक उजेडाची आणि एक अंधाराची बाजू मिळते.

तुम्ही मात्र सावलीत बसा, आणि बोर्डसुद्धा सावलीत असू द्या. बोर्डावर थेट ऊन पडलं की रंग फार उजळ दिसतात, आपण गडद करत सुटतो, आणि घरी ट्यूबलाइटखाली चित्र विहिरीत पडल्यासारखं वाटतं. छत्री घेणार असाल तर पांढरी, करडी किंवा काळी. हे मी नुकसान सोसून शिकलोय. एका उन्हाळ्यात चहाच्या गाड्याची भगवी छत्री मागून घेतली आणि तिच्याखाली घाट रंगवला. जागेवर चित्र इतकं जमलं होतं की मी खुशीत एक चहा जास्त घेतला. घरी आणून बघतो तर सगळा घाट हिरवा-निळा, आजाऱ्यासारखा. बोर्डावर भगवा उजेड पडत होता आणि त्याची भरपाई म्हणून मी नकळत थंड रंग ओतत गेलो होतो. गॉगलही याच कारणासाठी पिशवीतच राहू दे.

पुढेमागे तेलाकडे वळलात तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून डब्यात किंवा डिकीत ठेवू नका. ते तेल वाळताना स्वतः तापतं आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाईन बरणीत तसंच ठेवलं की गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. आणि ब्रश धुतलेलं पाणी, अ‍ॅक्रिलिकचंसुद्धा, रंकाळ्यात ओतायचं नाही. ते शेवटी प्लास्टिकच आहे, आणि तलावाने आधीच बरंच सोसलंय.

लोकांचं काय करायचं? कोल्हापुरात माणूस थांबणार, बघणार आणि बोलणार. पाठ भिंतीला किंवा झाडाला लावून बसा, म्हणजे मागे उभं राहायला जागाच उरत नाही. कानात इअरफोन घातले, गाणं लावलं नाही तरी, निम्मी माणसं विचारत नाहीत. पण सगळ्यांनाच टाळू नका. एकदा म्हशी धुवायला आलेले एक काका माझ्यामागे बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, “मास्तर, पाणी काढलायसा, झाडं काढलायसा, मग आमची म्हसच का सोडलीसा?” मी हसलो, आणि मग चित्राकडे बघितलं. सगळं मधल्या छटांत अडकलं होतं, गडद असं काहीच नव्हतं. पाण्याच्या कडेला ब्रशच्या तीन फटकाऱ्यांत म्हैस घातली आणि मागचा सगळा काठ एकदम मागे सरकला. तास दीड तास जे मला सुचलं नव्हतं ते त्यांनी म्हशीच्या मायेपोटी सांगितलं.

क्लासचं म्हणाल तर बाहेर बसायला शिकण्यासाठी आत्ता लगेच गरज नाही. बरोबर एक माणूस मात्र असू द्या, रंगवणारा असेल तर उत्तमच. गावात रविवारी स्पॉटला जाणारे गट आहेत, कलाशाळांची मुलं घाटावर असतातच, त्यांच्याशेजारी जाऊन बसा, कुणी हाकलत नाही. शाहू स्मारकात निसर्गचित्रांचं प्रदर्शन लागलं की चुकवू नका. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे तिथे निवांत जा. चित्राजवळ नाक नेऊन कडा बघा, मग दहा पावलं मागे या. कुठे मुद्दाम काही सोडलंय ते शोधा. मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही.

फोटो काढावा का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. काढा, पण चित्र संपल्यावर. सुरुवातीला काढलात तर मन त्याच्यावर विसंबतं आणि घरी जाऊन ‘पूर्ण’ करायची खोड लागते. साडेआठ वाजले की ब्रश धुवायचे, चित्र अर्धं असलं तरी. बोर्डाच्या मागे तारीख, वेळ आणि ऊन कुठून होतं ते लिहायचं, आणि भिंतीला ओळीने लावत जायचं. दहा बोर्ड झाले की त्या ओळीचा एक फोटो पाठवा. एकेका चित्रावरून मला फारसं सांगता येत नाही, दहा शेजारी शेजारी असले की तुमचा हात कुठे अडतोय ते लगेच दिसेल, आणि तेलरंग घ्यायचे की नाही तेही तेव्हाच ठरवू.